छोटा हत्ती जमिनीला टेकवताना : लोअर्ड मिनी ट्रकची १:१० प्रतिकृती हाताने घडवण्याची रीत

नाशिकच्या पंचवटीतील बाजार समितीच्या आवारात पहाटे उभे राहिले की टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले मिनी ट्रक एकापाठोपाठ एक आत येताना दिसतात. त्यांपैकी टाटा एस, म्हणजे २००५ साली बाजारात आलेला आपला ‘छोटा हत्ती’, हीच या लेखातील कामाची मूळ गाडी आहे. तिची लांबी ३८०० मिमी, रुंदी १५०० मिमी आणि दोन्ही आसांमधील अंतर २१०० मिमी असल्यामुळे १:१० प्रमाणात ती अनुक्रमे ३८०, १५० आणि २१० मिमी होते. हा आकार टेबलावर मावतो, नवशिक्याच्या बोटांना झेपतो आणि त्यात खाली-वर होणारी खरी यंत्रणा बसवण्यापुरती जागाही मिळते.

गाडी जवळजवळ जमिनीला टेकेल इतकी खाली बसवण्याचा, म्हणजे ‘लोअर्ड’ करण्याचा, हा प्रयोग खऱ्या गाडीवर का करू नये, हे आधी सांगणे भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय माल वाहणाऱ्या गाडीचे पाटे काढून ती खाली बसवली, तर तिचा धंदाही बसतो. प्रतिकृतीला ना परवाना लागतो, ना विमा. मात्र खऱ्या गाडीवर काम करणाऱ्या कारागिराला जे प्रश्न पडतात, ते जवळजवळ सगळे इथेही पडतात.

या छंदाचे मूळ अमेरिकेत आहे. तिकडे डॅटसन, टोयोटा, माझदा यांचे छोटे पिकअप सत्तरच्या दशकात मोठ्या संख्येने रस्त्यावर आले आणि तरुणांनी ते खाली बसवायला सुरुवात केली. त्याआधी पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियात मोटारी खाली बसवण्याचा छंद इतका वाढला होता, की रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली येता कामा नये, असा नियम तेथे करण्यात आला. त्यावर हौशी मंडळींनी गाडी उभी असताना खाली बसवायची आणि चालवताना उचलायची, म्हणून हायड्रॉलिक पंप बसवले. आपली प्रतिकृतीही तेच करणार आहे, त्यामुळे हा नियम ध्यानात ठेवावा. आराखड्यात तो उपयोगी पडेल.

उंची आधी, गाडी नंतर

नवशिके बहुधा आधी सुंदर केबिन बनवतात आणि शेवटी चाके वर सरकवून गाडी ‘खाली’ करायला बघतात. तसे होत नाही, कारण चाक वर सरकले की त्याला आणि त्याच्या आसाला कुठेतरी जागा लागते, आणि ती जागा सांगाड्याने, हौद्याने (माल ठेवायच्या मागच्या भागाने) किंवा केबिनच्या तळाने सोडावी लागते. मूळ गाडीत चाके हौद्याच्या तळाखाली असतात, म्हणजे चाक वर चढू लागले की थोड्याच वेळात वाट अडते. म्हणून सर्व काम एका बाजूच्या आराखड्यावरून करावे आणि तो आलेख कागदावर प्रत्यक्ष मापात, गाडी पूर्ण बसलेली आहे असे धरून काढावा.

पहिली रेघ जमिनीची. मूळ टायर १४५ आर १२ मापाचा असून त्याचा व्यास साधारण ५४० मिमी भरतो, त्यामुळे आपले चाक ५४ मिमीचे आणि आसाचा मध्य जमिनीपासून २७ मिमीवर येतो. बाजूच्या पत्र्याची खालची कड ३ मिमीवर, सांगाड्याच्या पट्टीची खालची कड ४ मिमीवर आणि वरची १४ मिमीवर घ्यावी. आता दिसेल की आस पट्टीच्या चांगलाच वरून जातो. गाडी १४ मिमी उचलली, की पट्टी १८ ते २८ मिमी या उंचीत येते आणि आस बरोबर तिच्यात घुसतो. उपाय एकच : आसाच्या जागी पट्टीला वर उचलून कुबड द्यावे. आस ४ मिमी जाडीचा असेल तर त्याची वरची कड २९ मिमीवर येते, म्हणून कुबडाची आतली बाजू ३२ मिमीवर आणि पाठ ४० मिमीवर ठेवावी. कुबडाखाली पुढे-मागे ४० मिमी मोकळी जागा पुरते.

कुबडाची पाठ ४० मिमीवर गेल्यामुळे हौद्याचा तळही तिथेच जातो. म्हणजे गाडी खाली जाते, पण हौद्याचा तळ गाडीच्या मानाने वर येतो. खऱ्या लोअर्ड ट्रकमध्येही हेच होते आणि त्या हौद्यात क्रेट काय, पाण्याची कळशीही नीट ठेवता येत नाही. टायरचा माथा ५४ मिमीवर असल्याने तो या तळाच्याही वर निघतो. त्यासाठी तळात दोन्ही बाजूंना चाकाचे डबे करावे लागतात, ज्यांचा माथा ५८ मिमीवर राहील. हौद्याच्या बाजूची वरची कड ६५ मिमीवर घेतली की डबे आत झाकले जातात.

उरली बाजूच्या पत्र्यातील चाकाची कमान. तिचा माथा ४४ मिमीवर घ्यावा. गाडी बसली की टायर पत्र्याआड १० मिमी शिरतो, आणि उचलली की टायरच्या वर ४ मिमी फट राहते. रिम ४२ मिमी व्यासाची घेतली (खऱ्या गाडीत ही साधारण १७ इंची रिम झाली) तर तिची खालची कड जमिनीपासून ६ मिमीवर येते. म्हणजे बसलेली आपली गाडी कॅलिफोर्नियाच्या त्या नियमात नापास आणि उचललेली, १७ मिमीवरची, पास. मापे जुळल्याची ही मला आवडणारी खूण आहे.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. मध्यरेषेपासून ७५ मिमीवर बाहेरची कड. त्यातून ३ मिमी पत्र्याची जाडी, ३ मिमी फट आणि १४ मिमी टायर वजा केला की टायरची आतली बाजू ५५ मिमीवर येते. सांगाडा बाहेरून बाहेर ७० मिमी रुंद ठेवला, तर दोन्हीकडे २० मिमी जागा उरते आणि त्यात डब्याची भिंत आरामात बसते. पुढची चाके वळवण्याचा मोह पहिल्या गाडीत टाळावा, कारण या मापात चाक २० अंशांनी वळवले तरी टायरची कड साधारण ९ मिमी बाहेर येते आणि पत्र्याला भिडते.

बाकीची मापे, म्हणजे दाराची रुंदी, काचेचा उतार, दिव्यांची जागा, प्रत्यक्ष गाडीवरून टेपने घ्यावीत. चालकाला ‘दादा, जरा माप घेऊ का?’ असे विचारले तर माल उतरेपर्यंत कोणी नाही म्हणत नाही. फोटो काढताना लांबून, गाडीच्या बरोबर मध्यावर उभे राहून झूम करून काढावा; जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि त्यावरून घेतलेली मापे चुकतात.

साहित्य कुठे मिळते

सांगाड्यासाठी ०.८ मिमी पितळी पत्रा भांडी बाजार आणि तांबट लेनच्या परिसरात विचारावा; नाशिकची तांब्या-पितळेची परंपरा अशा वेळी कामी येते. सराफ बाजाराच्या आसपास सोनारी हत्यारांच्या दुकानात बारीक करवत, तिची पाती आणि छोट्या कानशी मिळतात. बॉडीसाठी २ आणि ३ मिमी जाडीची पीव्हीसी फोम शीट लागते, जिला दुकानदार सनबोर्ड म्हणूनही ओळखतात. पाट्या आणि फलक बनवणाऱ्यांकडे तिचे तुकडे स्वस्तात मिळतात, पूर्ण आठ बाय चारची शीट घेण्याची गरज नाही. औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या नव्या सिरिंज, दोन २ मिलीच्या आणि दोन १ मिलीच्या, तसेच सलाईनची नळी घ्यावी. रंग आणि पुट्टी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात.

सांगाडा

पितळी पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून कडांना डाखाचे (सोल्डरचे) चार थेंब देऊन जोडावेत आणि आराखड्याची छायाप्रत वर चिकटवावी. दोन्ही पट्ट्या एकदमच कापल्या, तर त्या तंतोतंत सारख्या निघतात आणि पुढचे निम्मे दुखणे टळते. करवतीच्या आधी भोके पाडावीत, कारण पूर्ण तुकडा हातात घट्ट धरता येतो. चाकांचा आस पुढे ज्या खाली-वर होणाऱ्या हातांवर बसणार आहे, त्यांच्या खिळीचे भोक ३ मिमीचे असून ते पट्टीच्या खालच्या कडेपासून १६ मिमीवर, म्हणजे पट्टीच्या ६ मिमी वर, येते. त्यासाठी पट्टीलाच वर एक कान सोडावा. पातीचे दात खाली ओढताना कापतील असे बसवावेत, पातीला मेणबत्तीचे मेण लावावे आणि जोर न देता करवत लांब ओढीने चालवावी. कुबडाच्या आतल्या कोपऱ्यांत काटकोन न ठेवता थोडी गोलाई ठेवावी, कारण टोकदार कोपऱ्यातूनच पत्रा वाकतो.

कापून झाल्यावर दोन्ही पट्ट्या गरम करून वेगळ्या कराव्यात आणि आडव्या पट्ट्यांना डाख द्यावा. पितळ उष्णता झपाट्याने पसरवते. २५ वॉटच्या कायाने (डाख देण्याच्या विजेच्या हत्याराने) इथे डाख नुसता गोळा होऊन बसतो, म्हणून ६० वॉट किंवा त्याहून मोठा काया वापरावा. ६०/४० डाख साधारण १९० अंश सेल्सिअसच्या आत पूर्ण वितळतो. जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचे रसायन) लावावा, आधी दोन्ही बाजूंना डाखाचा पातळ थर चढवावा आणि मगच जोड गरम करावा. डाख चकाकत सांध्यात शोषला गेला तर जोड पक्का. मण्यासारखा वर बसला तर कच्चा. खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर फ्लक्स गरम पाण्याने धुऊन काढावा, नाहीतर पितळ महिन्याभरात हिरवे पडते.

जोडणी करताना सांगाडा प्लायवर खिळे ठोकून त्यांच्यात अडकवावा, गुण्याने काटकोन पाहावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. शेवटी सांगाडा जाड काचेवर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबून पाहावेत. एक कोपरा टकटक वाजला तर पीळ आहे. तो आता काढावा, कारण बॉडी बसल्यावर तो निघणार नाही. ३ मिमी उंचीवर उभ्या राहणाऱ्या गाडीत एक मिलिमीटरचा पीळही नजरेला टोचतो.

खाली-वर होणारे हात

आस थेट सांगाड्याला न जोडता ६० मिमी लांबीच्या दोन हातांच्या टोकाला जोडावा. हात दुसऱ्या टोकाला ३ मिमीच्या आडव्या सळईला डाखलेले असतात आणि ती सळई पट्टीच्या कानांतील भोकांत फिरते. मागचे हात खिळीपासून मागे जातात, पुढचे पुढे. खिळीची उंची १६ मिमी का घेतली, याचे कारण असे : १४ मिमीच्या प्रवासाच्या बरोबर मध्यावर हात जमिनीला समांतर राहिला, तर आस पुढे-मागे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी सरकतो. तोच हात गाडी बसलेली असताना समांतर ठेवला, तर उचलताना आस दीड मिलिमीटरहून अधिक सरकतो, आणि चाक कमानीच्या मध्यावरून हललेले लांबूनही दिसते.

आता हाताला ढकलायचे कशाने? कुबड आणि आस यांच्यामध्ये तीनच मिलिमीटर आहेत, तिथे सिरिंज उभी बसणार नाही. म्हणून सळईच्या मध्यभागी १८ मिमी उंचीचा एक उभा दांडा डाखावा आणि २ मिलीची सिरिंज सांगाड्यात आडवी झोपवून तिच्या दट्ट्याने त्या दांड्याचे टोक ढकलावे. मागच्या बाजूला सिरिंज खिळीच्या पुढे ठेवावी आणि दट्ट्याने दांडा मागे ढकलावा. मग हाताचे टोक खाली दाबले जाते आणि गाडी उठते. पुढच्या बाजूला सगळे याच्या उलट. आसाच्या १४ मिमी प्रवासाला दट्ट्या फक्त ४.२ मिमी सरकावा लागतो, त्यामुळे सिरिंज आणि दट्ट्या दोन्ही कापून आखूड करता येतात. हात ज्या पट्ट्यात फिरतात तिथे आडवी पट्टी येणार नाही, हे आराखड्यावर आधीच पाहून घ्यावे.

चालवणारी सिरिंज १ मिलीची असावी. मोठी घेतली तर अंगठा जरा हलला की गाडी उडी मारते. बारीक सिरिंजमध्ये तेवढ्याच पाण्यासाठी दट्ट्या लांब सरकतो, जोर कमी लागतो आणि गाडी संथ उठते. पूर्ण उचलायला साधारण पाव मिली पाणी लागते. नळीत हवा ठेवू नये, कारण हवा दबते आणि गाडी स्पंजावर ठेवल्यासारखी डुलते. म्हणून सर्व नळ्या पाण्याच्या भांड्यात बुडवूनच जोडाव्यात आणि बुडबुडे टिचकी मारून वर काढावेत. पाण्यात थोडे ग्लिसरीन घातले तर दट्ट्या अडखळत नाही. मशीनचे तेल किंवा रॉकेल मात्र घालू नये, त्याने दट्ट्याचे रबर फुगते. प्रतिकृती हलकी असल्यामुळे ती आपल्या वजनाने पूर्ण खाली बसेलच असे नाही. दांड्याला परत दट्ट्याकडे ओढणारा एक छोटा रबर बँड लावला की काम होते.

चाके

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या लेथवाल्याकडे आकृती घेऊन जावे : ४२ मिमी व्यास, १४ मिमी रुंदी, मध्ये ४ मिमीचे भोक, नायलॉन किंवा अॅल्युमिनियम. चार हवी असतील तर पाच सांगावीत. लेथ परवडत नसेल तर फोम शीटच्या चकत्या एकमेकांवर चिकटवून ड्रिलमध्ये धरून गोल घासता येतात. टायरसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून जाडी ६ मिमीपर्यंत आणावी. टायरच्या बाजू इतक्या आखूड असल्या की नजर आपोआप रिमवर जाते, तेव्हा रिमवर वेळ खर्च करावा.

केबिन आणि हौदा

आधी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची केबिन करावी, सांगाड्यावर ठेवावी आणि गाडी बसवून-उठवून पाहावी. पुठ्ठा फुकट असतो. त्यावर हव्या तेवढ्या वेळा कमान मोठी-लहान करता येते. आकार पटला की तेच तुकडे फोम शीटवर ठेवून कटरने तीन-चार हलक्या ओढींत कापावेत. छताची आणि नाकाची गोलाई देण्यासाठी शीट हेअर ड्रायरने किंवा हॉट एअर गनने गरम करून पाइपवर दाबावी. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. जाळू मात्र नये, कारण त्यातून निघणारा आम्लाचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

जोड इन्स्टंट गोंदाने द्यावेत आणि आतून कोपऱ्यांना त्रिकोणी आधार लावावेत. दारे उघडणारी करू नयेत. पहिल्या गाडीत उघडणारे दार म्हणजे कायमची वाकडी फट. त्याऐवजी दाराची रेघ कटरच्या पाठीने कोरली तर ती जास्त खरी दिसते. मागचा फाळका मात्र उघडता ठेवावा, म्हणजे वर आलेला तळ आणि चाकांचे डबे पाहणाऱ्याला दाखवता येतात. बॉडी सांगाड्याला चिकटवू नये, चार स्क्रूंनी बसवावी. नळी गळली की ती उचलावी लागणारच.

रंग

फोम शीटच्या कापलेल्या कडा रंग पितात, म्हणून त्यांवर पुट्टी ओढून ४००, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावे. नंतर प्रायमर सरफेसरचे दोन पातळ हात. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करण्याचे द्रावण) पीव्हीसीला मऊ करतो, त्यामुळे जाड फवारा एकदम मारू नये आणि आधी तुकड्यावर चाचणी घ्यावी.

नाशिकच्या हवेचा विचार करूनच रंगकामाचा महिना निवडावा. पावसाळ्यात हवेतील ओल लॅकरच्या थरात अडकते आणि चकाकी धुरकट पांढरी पडते. एप्रिल-मे मध्ये फवारा हवेतच सुकून पृष्ठभाग खरबरीत होतो, आणि गच्चीवर विसरलेली फोम शीटची केबिन संध्याकाळपर्यंत वाकलेली मिळते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे दिवस उत्तम. फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळचा गारठा सरेपर्यंत थांबावे आणि रंगाचा डबा कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवून मगच हलवावा. गरम पाणी किंवा गॅस यांच्याजवळ तो कधीही नेऊ नये.

रंगसंगतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. परदेशी मिनी ट्रकांची जांभळ्या-हिरव्या लाटांची नक्षी छोट्या हत्तीवर उसनी वाटते. एकच खोल रंग, खालच्या कडेला पिवळी रेघ आणि फाळक्यावर आपल्याकडच्या पेंटरच्या वळणाची ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ ही अक्षरे एवढे पुरे. खिडक्यांना पारदर्शक शीट रंग पूर्ण वाळल्यावर आणि दुहेरी चिकटपट्टीने लावावी, कारण इन्स्टंट गोंदाच्या वाफेने तिच्यावर पांढरा थर चढतो.

सगळे जोडून झाल्यावर गाडी काचेवर ठेवून आधी मागची बाजू उचलावी, मग पुढची, आणि उतरवताना दोन्ही एकदम. खाली बसताना टायर कमानीला घासत असेल तर कमान कापू नये. आस मध्यरेषेवर आहे का ते तपासावे, बहुतेकदा चूक तिथेच असते. बाजूच्या कडेखाली ३ मिमी फोम शीटची पट्टी पुढून मागेपर्यंत सारखी सरकली, तर गाडी सपाट बसली असे समजावे. महिनाभर चालवणार नसाल तर नळ्यांतील पाणी काढून टाकावे आणि दट्ट्ये अर्ध्यावर ठेवावेत, म्हणजे रबर एकाच जागी चिकटून राहत नाही.